पेन्शनच्या नावाखाली पगार कापला, पैसे गेले कुठे?

प्रश्न : जालन्यात बियाणे पॅकिंगच्या युनिटमध्ये काम करते. वय ३९, पगार ११,००० रुपये. मालक चार वर्षांपासून ‘सरकारी पेन्शनचे’ म्हणून महिन्याला ५०० रुपये कापतात आणि डायरीत लिहितात. पावती नाही. पीएफचं विचारलं तर म्हणतात, नऊच माणसं आहेत, लागू होत नाही. काय करू?

उत्तर : ताई, मालकाच्या डायरीत सरकारी पेन्शन जमा होत नसते. श्रमयोगी मानधन किंवा अटल पेन्शन या सरकारी पेन्शन योजनांचा हप्ता तुमच्याच बचत खात्यातून वळता होतो. पीएफ मालक भरतो, पण त्याला यूएएन, म्हणजे सभासदाचा स्वतःचा नंबर असतो, पासबुक दिसतं. तुमच्याकडे यातलं काहीच नसेल, तर ही कपात बेकायदा आहे. पगारातून कायद्याने ठरवून दिलेल्या कारणांसाठीच पैसे कापता येतात. हे सुमारे २४,००० रुपये तुमच्या कष्टाचे आहेत, ते मागायला संकोच करू नका.

आता ‘नऊ माणसं’. हजेरीपटावर नऊ असतील, पण ठेकेदाराकडून येणारे हमाल, पॅकिंगच्या बाया यांचं काय? पीएफ लागू व्हायला वीस माणसं लागतात, आणि ती मोजताना ठेकेदारामार्फत कामावर असलेलेही धरतात. शिवाय एकदा पीएफ लागू झाला की पुढे माणसं कमी झाली तरी तो सुटत नाही. तुमचा पगार १५,००० च्या आत असल्याने तुम्हाला सभासद करणं बंधनकारक ठरेल, आणि मागचा तुमचा हिस्साही मालकाला आता तुमच्या पगारातून कापता येणार नाही. दहा वर्षं नोकरी भरली तर ५८ व्या वर्षापासून पेन्शनही आहे. म्हणून खरी संख्या शोधणं हे पहिलं काम. वीस भरत असतील तर छत्रपती संभाजीनगरच्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयात तक्रार करा.

खरंच वीसपेक्षा कमी असतील, तर चाळिशी उलटायच्या आत सीएससी (सरकारी योजनांचे अर्ज भरून देणाऱ्या) केंद्रात आधार आणि बँक पासबुक घेऊन जा. श्रमयोगी मानधनात ३९ व्या वर्षी तुमचे १९० रुपये, तितकेच सरकारचे, आणि साठीनंतर महिन्याला ३,००० रुपये. वीस वर्षांनी ही रक्कम तोकडी वाटेल, मला ते मान्य आहे. पण सरकार बरोबरीने पैसे घालतं, ही संधी वय उलटल्यावर परत मिळत नाही. पीएफ असेल तर मात्र या योजनेत जाता येत नाही, मग अटल पेन्शन घ्या. तिलाही वयाची अट चाळिशीचीच आहे.

कापलेले पैसे परत मिळवण्यासाठी डायरीच्या पानांचे फोटो काढा, पगार खात्यावर येत असेल तर बँकेचा उतारा घ्या. कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज एकटीने नको, ज्यांचे ज्यांचे कापले त्या सगळ्यांच्या सह्यांनी द्या. नोकरी जाण्याची भीती तेवढी कमी होते. वकिलाच्या फीची काळजी नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अशा दाव्याला मुदत असते, तेव्हा याच महिन्यात अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.