घटस्फोटाचा हुकूमनामा मिळाला तरी बँकेच्या कागदावरची सही तशीच : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही परस्पर संमतीने घटस्फोट घेत आहोत. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, कर्जही दोघांच्या नावावर. ३१ लाख बाकी, १५ वर्षं उरलेली, हप्ता साधारण साडेतीस हजार. फ्लॅट नवऱ्याने ठेवायचा, पुढचे हप्ते त्यानेच भरायचे, मी माझ्या वाट्याचे पैसे मागणार नाही, असं कन्सेंट टर्म्समध्ये लिहिलं आहे. माझी जबाबदारी संपली ना?

उत्तर : नाही. कन्सेंट टर्म्स हा तुम्हा दोघांमधला करार आहे. बँक त्यात कुठेच नाही, त्यामुळे ती त्याने बांधली जात नाही. सहकर्जदार म्हणून तुम्ही सही केली तेव्हा पूर्ण कर्जाची हमी घेतलीत, अर्ध्याची नव्हे. उद्या त्यांचा एक हप्ता चुकला तरी तो तुमच्याही सिबिल रिपोर्टमध्ये दिसेल. थकबाकी ९० दिवसांवर गेली की खातं बुडीत गटात जातं आणि सरफेसी कायद्याची (थकलेल्या कर्जासाठी गहाण मालमत्ता ताब्यात घ्यायचा बँकेचा कायदा) ६० दिवसांची नोटीस तुमच्याही नावाने येते. तुम्ही स्वतःसाठी घर घ्यायला गेलात तर हे साडेतीस हजार तुमच्याच डोक्यावर धरले जातील, मग भरत कोणीही असो.

तेव्हा कोर्टाच्या तारखेआधी बँकेचं काम हातात घ्या. दोघांच्या सहीने सहकर्जदार कमी करण्याचा अर्ज द्या. बँक आता फक्त नवऱ्याच्या उत्पन्नावर कर्ज नव्याने तपासेल : पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, खात्याचे उतारे, सिबिल. बहुतेक अर्ज इथेच अडतात. समजा, त्यांच्या हातात महिन्याला ५२ हजार येतात आणि गाडीचा हप्ता ९ हजार आहे. दोन्ही हप्ते मिळून साडेएकोणचाळीस हजार, म्हणजे पगाराचा तीन चतुर्थांश भाग. एवढ्यावर बँक तुमचं नाव काढायला सहसा तयार होणार नाही. मग त्यांनी भाऊ किंवा वडील यांच्यापैकी कोणाला सहकर्जदार म्हणून आणावं, गाडीचं कर्ज आधी फेडावं, किंवा काही रक्कम एकदम भरून हप्ता खाली आणावा. त्यांच्या एकट्याच्या नावावर दुसऱ्या बँकेने हे कर्ज स्वतःकडे घेतलं तर तुमच्या दृष्टीने सगळ्यात उत्तम, कारण जुनं खातंच बंद होतं. यातलं काहीच जमत नसेल, तर फ्लॅट विकून कर्ज फेडणं दोघांच्याही हिताचं आहे, मन कितीही नको म्हणालं तरी.

मालकी हा वेगळा विषय आहे. तुमचा हिस्सा त्यांच्या नावे करायला नोंदणीकृत दस्त लागतो. तुम्ही मोबदला घेत नसल्यामुळे बक्षीसपत्र योग्य ठरेल. महाराष्ट्रात पती-पत्नीमध्ये राहतं घर बक्षीस देताना मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे, पण ती पती-पत्नी असेपर्यंतच. आयकरातही तसंच : जोडीदाराकडून मिळालेली भेट करमुक्त, घटस्फोटित जोडीदार मात्र त्या व्याख्येत बसत नाही. म्हणून दस्त हुकूमनाम्याच्या आधी व्हायला हवा. घर गहाण असल्याने बँकेचं ना-हरकत पत्र लागेलच.

आणि क्रम चुकवू नका. आधी तुमचं नाव कर्जातून काढल्याचं बँकेचं लेखी पत्र, मगच बक्षीसपत्रावर सही. 'तू सही करून टाक, बँकेचं मी बघतो' यावर विसंबून सही केलीत, तर घर गेलं आणि कर्ज राहिलं अशी गत होते. तेव्हा तुमच्या हातात अडवून धरण्यासारखं काहीही उरत नाही. 'हप्ता थकल्यास नुकसानभरपाई पती देईल' हे कलम जरूर घाला, पण त्याच्या जोरावर तुम्हाला नवऱ्याकडून वसुली करता येईल, बँकेला थांबवता येणार नाही.

प्रश्न : एकरकमी पोटगी १८ लाख ठरली आहे, तीन टप्प्यांत. पैसे बुडू नयेत म्हणून काय करावं? त्यावर कर लागतो का?

उत्तर : टप्पे कॅलेंडरच्या तारखांना नको, कोर्टाच्या टप्प्यांना बांधा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली अर्ज दाखल झाला की सहा महिन्यांनी कोर्ट दोघांची संमती पुन्हा विचारतं. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ठरावीक परिस्थितीत हा काळ माफही होतो. हुकूमनामा होईपर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते. त्यामुळे देणाऱ्याने सगळं आधी देऊ नये आणि घेणाऱ्याने मोठा वाटा नंतरसाठी ठेवू नये. पाच लाख अर्जाच्या दिवशी, पाच लाख मधल्या काळात आणि उरलेल्या आठ लाखांचा डीडी शेवटच्या जबाबाच्या वेळी कोर्टासमोर हातात, ही मांडणी आम्हाला रास्त वाटते.

डीडी कोणत्या नावाने काढायचा ते आधी लिहून द्या. लग्नानंतरच्या नावाचा डीडी आणि खातं माहेरच्या नावाचं, एवढ्या कारणाने तो बँकेतून परत येतो. त्याची मुदत तीन महिनेच असते, हेही ध्यानात ठेवा.

एखादा हप्ता हुकूमनाम्यानंतर ठेवावाच लागला, तर 'एक हप्ता थकल्यास उरलेली सगळी रक्कम व्याजासह लगेच देय' असं कलम हवं. त्याच्या आधारे दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी कोर्टात अर्ज, करता येते. पुढच्या तारखेचा चेक घेतला असेल आणि तो परतला, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस जायला हवी. नोटीस पोचल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. या मुदती हुकल्या की ही तक्रार सहसा टिकत नाही.

कराचं उत्तर सोपं आहे. एकरकमी पोटगी भांडवली स्वरूपाची धरली जाते, तिच्यावर कर नाही. दरमहा मिळणारी पोटगी मात्र उत्पन्न समजली जाते. देणाऱ्याला दोन्हींत वजावट मिळत नाही. एकरकमीतून पुढे येणारं एफडीचं व्याज अर्थातच करपात्र आहे.

दागिन्यांसाठी 'स्त्रीधन परत मिळाले' एवढी ओळ पुरत नाही. बांगड्या चार, वजन इतकं, परत दिल्याची तारीख, दोघांच्या सह्या, असं लिहा.

प्रश्न : लवकर सुटका व्हावी म्हणून मुलीची पोटगी नको असं लिहून देऊ का?

उत्तर : देऊ नका. तो हक्क मुलीचा आहे, तुम्ही तो सोडू शकत नाही. असं कलम लिहिलं तरी पुढे तिच्या वतीने पोटगी मागता येते. त्याऐवजी शाळेची फी कोण भरणार, दवाखान्याचा खर्च कसा वाटायचा आणि दरवर्षी रक्कम किती टक्क्यांनी वाढवायची, हे आकड्यांत लिहून घ्या. ती आज सहा वर्षांची असेल तर आजच्या फीवर ठरलेली रक्कम दहावीला पुरणार नाही.