बाजार नफ्यावर चालतो, तिथे येशूच्या शिकवणीचं काय काम?

बाजाराला नीती कळत नाही, ख्रिस्ती माणसानं फार तर दान करावं, असं तुम्ही प्रश्नात म्हटलंय. मला ते पटत नाही. मजुरीचा विषय निघाला की बायबलचा सूर फार कडक होतो. त्यातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात सांगितलंय, गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या. याकोबाच्या पत्रात तर दाबून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते, आणि ती हाक देवाच्या कानी जाते.

मी वसईचा. कपडे निर्यात करणाऱ्या एका कंपनीत बारा वर्षं कॉस्टिंग, म्हणजे मालाचा खर्च मांडायचं काम केलं. शर्टाच्या शीटवर कापड, बटणं, धागा, लेबल, पॅकिंग, शिलाई अशा ओळी असतात. परदेशातला बायर पाच टक्के कमी करा म्हणाला की कापडाचा भाव गिरणीच्या हातात, बटणांचा व्यापाऱ्याच्या. हलते ती शिलाईची ओळ. तो आकडा मी माझ्या हातानं कितीदा तरी खाली आणलाय.

24 एप्रिल 2013ला ढाक्याजवळ साभारमध्ये राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरी शिलाई कामगारांना आत बोलावलं. 1,100हून जास्त माणसं गेली. 1 मे रोजी पोप फ्रान्सिस म्हणाले, महिना 38 युरोवर राबवणं म्हणजे गुलामी. मला माझ्या शीटवरची ती ओळ आठवली.

यावर कुणी काही केलं का? केलं. फ्रान्स व्हॅन डर हॉफ हे डच धर्मगुरू मेक्सिकोत ओआहाकाच्या डोंगरात कॉफी पिकवणाऱ्या आदिवासी शेतकऱ्यांमध्ये राहिले. दलाल भाव पाडायचे, म्हणून शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली. त्यांना भीक नको होती, मालाचा भाव हवा होता. 1988मध्ये फादरांनी निको रोझेन यांच्यासोबत नेदरलँड्समध्ये शेतकऱ्याला रास्त भाव मिळाल्याची खूण म्हणून माक्स हावेलार हे लेबल आणलं, आणि आजची फेअरट्रेड ही अशा मालाला प्रमाणपत्र देणारी व्यवस्था त्यातूनच वाढली. प्रमाणपत्राचा खर्च छोट्या शेतकऱ्याला जड जातो, हेही खरंच. तरी भाव ठरवताना पिकवणाऱ्याचा खर्च आधी धरता येतो, हे त्यांनी बाजारातच करून दाखवलं.

आता माझं आठ मशीनचं युनिट आहे. कोटेशन करताना शिलाई आधी लिहितो, नफा शेवटी. दोन ऑर्डरी त्यापायी गेल्या. कारागिरांचा हिशोब दर शनिवारी, दिवेलागणीच्या आत चुकता होतो.