वडिलांना ४८व्या वर्षी हार्ट अटॅक आला. लाळ देऊन पॉलिजेनिक स्कोअर काढला तर माझा धोका कळेल का? (वय ३१, गुहागर)

नाही, नुसत्या स्कोअरवरून कळणार नाही. त्या पैशात आधी रक्त तपासून घ्या. हा स्कोअर म्हणजे हजारो-लाखो जनुकीय फरकांच्या बारीक परिणामांची बेरीज. पण कोणत्या फरकाला किती वजन द्यायचं हे ज्या अभ्यासांतून ठरलं, त्यांतले बहुतेक लोक (२०१९च्या मोजणीत सुमारे ७९ टक्के) युरोपीय वंशाचे. तीच वजनं गुहागर-दापोलीच्या माणसाला लावली की अंदाज ढिला पडतो. मला जास्त भीती ‘कमी धोका’ लिहिलेल्या रिपोर्टची वाटते, कारण तो वाचून लोक निर्धास्त होतात. वडिलांना पंचावन्नच्या आत अटॅक येणं हीच तुमच्यासाठी मोठी खूण आहे. चिपळूण-रत्नागिरीला जाणं होईल तेव्हा लिपिड प्रोफाइल, साखर, रक्तदाब तपासा, आणि डॉक्टरांना विचारून एकदा लायपोप्रोटीन-ए (रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण). ते बहुतांशी आनुवंशिकच असतं, खाणंपिणं बदलून फारसं हलत नाही. मात्र एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १९०च्या वर निघालं तर एकाच जनुकातल्या दोषाची शंका घ्यावी लागते. तेव्हा जनुकीय चाचणी खरोखर उपयोगी, आणि भावंडांचंही कोलेस्टेरॉल तपासायला हवं.