रॉचेस्टरला यायचं म्हणतेस तर

तू विचारलंस, "ताई, एनक्लेक्स, ती अमेरिकेतल्या नर्सिंगच्या लायसन्सची परीक्षा, पास झालेय, मिनेसोटातल्या रॉचेस्टरहून ऑफर आहे, मुलगा लहान आहे, येऊ का? एकटं वाटेल का?" व्हिसा, पगार, घरभाडं एजन्सीवाले सांगतीलच.

मला रडवलं ते एका पाकिटाने. आपलं शिक्षण तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेला गुणपत्रकं कॉलेजने थेट पाठवायची आणि शिक्का पाकिटाच्या जोडावर हवा. आमच्या क्लार्कने तो मारला मधोमध. फाइल परत. "मॅडम, शिक्का आहे ना?" म्हणे! तू स्वतः काउंटरवर उभी राहा. वॉर्डात वर्षानुवर्षं ड्युट्या केलेल्या बाईने आपण नर्स आहोत हे सिद्ध करत बसायचं.

म्हणूनच इथल्या सेंट मेरीज हॉस्पिटलची गोष्ट कळली तेव्हा मी आधी चिडलेच. ऑगस्ट 1883 मध्ये गावावर टोर्नेडो आला. हॉस्पिटल नव्हतंच. जखमींना सांभाळलं फ्रान्सिस्कन सिस्टरांनी, म्हणजे ननांनी, आणि त्या होत्या शाळेतल्या बाई! त्यांच्या प्रमुख मदर आल्फ्रेड मोज, मूळच्या लक्झेंबर्गच्या, गावातल्या थोरल्या डॉ. मेयोंना म्हणाल्या, आम्ही हॉस्पिटल बांधतो, तुम्ही तिथले रुग्ण बघा. गाव लहान आहे, चालायचं नाही, असं डॉक्टरांचं मत. सिस्टरांनी पैसा पैसा साठवून 1889 मध्ये ते उभं केलंच. नर्सिंग त्यांना शिकवलं एडिथ ग्रॅहम नावाच्या प्रशिक्षित नर्सने. त्यांच्यातल्याच सिस्टर जोसेफ डेम्प्सी पुढे मेयोंच्या मुलाच्या, डॉ. विल्यमच्या, ऑपरेशनमधल्या पहिल्या असिस्टंट झाल्या. ऑपरेशनआधी पोटाची त्वचा साफ करताना बेंबीपाशी कडक गाठ लागली, तर आत कॅन्सर पसरलेला असू शकतो, हे त्यांच्या हाताने टिपलं. डॉक्टर लोक 'सिस्टर मेरी जोसेफ नोड्यूल' म्हणतात ते हेच. कुणी मागितली होती त्यांच्याकडे गुणपत्रकं?

मीही वसईला सिस्टरांच्याच शाळेत शिकले, त्यामुळे कौतुक आहेच. पण खरं सांगू, हेवा जास्त वाटतो. जेवण, प्रार्थना, आजारपण, सगळं त्यांचं एकत्र. आपण येतो एकेकट्या.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. थंडीत जास्त.

मुलाचं मात्र नीट ऐक. शाळेच्या फॉर्मवर 'घरची भाषा' असा रकाना असतो. मी अभिमानाने मराठी लिहिलं. माझा लेक इंग्रजी माध्यमातला, तरी त्याला इंग्रजी न येणाऱ्यांच्या तासाला बसवलं. भांडून काढला तिथून, पण तोवर त्याने घरात मराठी बोलणं सोडलं होतं. आज आजीचा फोन आला की मुकाट माझ्या हातात देतो. त्या रकान्यात काय लिहावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ऑफर लेटर मिळालं की फोन कर. दुपारनंतर कर, सकाळी मी नाइट करून झोपलेली असते.