सहाव्या महिन्यात दाढ काढली, आता जबड्याच्या हाडात इन्फेक्शन म्हणतायत. औषधं घेऊ की डिलिव्हरीपर्यंत थांबू?

थांबू नका ताई. मी दातांची डॉक्टर आहे, आमच्याकडे गरोदर बायका बऱ्याचदा अशाच येतात, घरच्यांनी "बाळाला बाधेल" म्हणून गोळ्या बंद करायला लावल्यावर. अहो, बाळाला धोका पू आणि तापाचा जास्त आहे, डॉक्टरांनी बघून दिलेल्या अँटिबायोटिकचा नाही.

तुम्ही लिहिलंय दाढ खालची होती, तीन आठवडे झाले, ठणका आणि घाण वास आहे आणि आता खालचा ओठ बधिर वाटतोय. नुसतं ड्राय सॉकेट, म्हणजे खळग्यातली रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडणं, ते दोन-चार दिवसांत सुरू होतं आणि बहुतेक आठवडा-दहा दिवसांत ओसरतं. मला खटकतोय तो ओठ. इंजेक्शनचा बधिरपणा काही तासांत जातो, नंतर नव्याने आला तर हाडातून जाणाऱ्या नसेपर्यंत सूज पोचलेली असू शकते. आणि एक्सरे क्लिअर आला म्हणून निवांत बसू नका, हाड बरंच झिजेपर्यंत एक्सरेत काही दिसतच नाही, पहिले दोन आठवडे तर नाहीच. लेड एप्रन घालून परत काढला तरी चालतो.

ओरल सर्जनला दाखवा, जमत नसेल तर मुंबई, नागपूर, संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेज आहे. पू कल्चरला, म्हणजे त्यात कुठले जंतू आहेत ते तपासायला, पाठवतात, मेलेलं हाड असेल तर भूल देऊन खरवडून काढतात आणि गोळ्या कित्येक आठवडे चालतात, मध्येच बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत. अमॉक्सिसिलीनसारखी औषधं गरोदरपणात देतात, डॉक्सीसायक्लिन नाही. दुखण्यावर पॅरासिटामॉल. मेडिकलवाला दाढदुखीला सर्रास केटोरोलॅक नाहीतर डायक्लोफिनॅक देतो, ते पाचव्या महिन्यानंतर स्वतःच्या मनाने अजिबात नको. शुगर तपासली नसेल तर तपासून घ्या, वाढलेली असेल तर जखम भरत नाही. खुर्चीत सपाट झोपवलं तर चक्कर येते, डाव्या कुशीला थोडं कलतं बसवा म्हणून सांगा.

ताप, तोंड उघडेना, हनुवटीखाली टणक सूज, गिळायला किंवा श्वासाला त्रास, बाळाची हालचाल कमी, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी मोठ्या हॉस्पिटलला जा.

आणि सासूबाई मिश्री लावायला सांगतायत म्हणालात, ती बिलकुल नको. तंबाखूच आहे ती.