पाणी न सोडणारे वॉशिंग मशीन: ९,४०० रुपयांची दुरुस्ती करावी की हप्त्याने नवे घ्यावे?

मुलुंडच्या एका वाचक भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे सात वर्षांपूर्वी घेतलेले फ्रंट लोड वॉशिंग मशीन आहे. गेल्या आठवड्यापासून ते कपडे धुते, पण पाणी बाहेर सोडत नाही. ड्रममध्ये पाणी साचून राहते आणि मशीन मध्येच थांबते. घरी आलेल्या मेकॅनिकने मशीन न उघडताच पंप आणि पीसीबी (मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) दोन्ही बदलावे लागतील असे सांगून ९,४०० रुपयांचा अंदाज दिला. दुकानदार ३४,९९० रुपयांचे नवे मशीन १२ महिन्यांच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’वर द्यायला तयार आहे आणि जुन्याचे २,००० रुपये वजा करतो. यजमानांचे म्हणणे आहे की आधी घरीच उघडून पाहू. मागच्या वर्षी दाराचे रबर बदलायला ३,२०० रुपये लागले होते, तेही आता वाया जातील अशी हुरहुर आहे. बचत खात्यात अडीअडचणीसाठी ठेवलेले ६०,००० रुपये आहेत, गृहकर्जाचा हप्ता चालू आहे आणि जूनमध्ये मुलाची फी भरायची आहे.

ताई, सप्रेम नमस्कार. आपण दोन पर्याय मांडून त्यांतला कोणता निवडावा असे विचारले आहे, परंतु माझ्या मते यांपैकी कोणताही निर्णय आज घेण्यासारखा नाही, कारण ज्या दोषासाठी हे पैसे मोजायचे तो दोष नेमका कोणता आहे हे अजून कोणीच पाहिलेले नाही. यजमानांचा आग्रह मला एका मर्यादेपर्यंत पूर्णपणे योग्य वाटतो. ती मर्यादा कुठे आहे हे मी पुढे सांगतो, कारण या प्रकरणातली सर्वांत मोठी बचत तिथेच आहे.

फ्रंट लोड मशीनमधले पाणी तळाशी असलेल्या एका छोट्या पंपाने बाहेर फेकले जाते आणि त्या पंपाच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. खिशात राहिलेली नाणी, हेअरपिना, सेफ्टी पिना, ब्लाउजचे हूक, बाळमोजे आणि कपड्यांचा लगदा हे सारे तिथे येऊन अडकते. पाणी न सोडण्याच्या तक्रारीत सर्वांत आधी पाहायची जागा हीच, आणि ती पाहण्यासाठी एक रुपयाही खर्च येत नाही. मशीनच्या पडद्यावर एखादा संकेत दिसत असेल तर तो लिहून ठेवावा; एलजीच्या मशीनवर ‘ओई’, सॅमसंगच्या मशीनवर ‘५ई’ किंवा ‘५सी’ आणि बॉशच्या मशीनवर ‘ई१८’ हे संकेत पाणी बाहेर जात नसल्याचे सांगतात. मात्र असा संकेत केवळ लक्षण दाखवतो. पंप जळला आहे की त्यात रुपयाचे नाणे अडकले आहे, हे त्यावरून कळत नाही, आणि म्हणून केवळ संकेत वाचून दिलेला दुरुस्तीचा अंदाज स्वीकारू नये.

घरी काय करावे ते क्रमाने सांगतो. मशीन बंद करून प्लग भिंतीतून काढावा आणि गरम पाण्याचे धुणे लावले असेल तर पाणी निवू द्यावे. खाली पुढच्या बाजूला, बहुधा उजव्या कोपऱ्यात, एक छोटी झडप असते. ती उघडल्यावर गोल झाकणासारखा फिल्टर दिसतो आणि अनेक मशीनमध्ये त्याच्या शेजारी बोटभर जाडीची रबरी नळी असते. त्या नळीचे बूच काढून पाणी आधी पसरट भांड्यात घ्यावे. हे काम कंटाळवाणे आहे, कारण ताटलीएवढे भांडे दर मिनिटाला भरते आणि बूच पुन्हा पुन्हा लावावे लागते, पण ते टाळून फिल्टर थेट फिरवला तर ड्रममधले सगळे पाणी पॅसेजमध्ये येईल आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छताला ओल आली तर तो खर्च या मशीनच्या हिशेबात कोठेच बसणार नाही. पाणी संपल्यावर फिल्टर डावीकडे सावकाश फिरवून काढावा, धुवावा आणि आतल्या पोकळीत टॉर्चचा उजेड टाकून पाहावे. तिथे एक छोटा पंखा दिसतो. तो बोटाने किंवा पेन्सिलीने हलवला असता थांबत थांबत, हलके झटके देत फिरतो. आत चुंबक असल्यामुळे तसे होते आणि तो बिघाड नव्हे. पंखा अजिबात फिरत नसेल तर त्याच्या मुळाशी दोरा किंवा केस गुंडाळले आहेत का ते पाहावे. फिल्टर परत घट्ट बसवावा.

यानंतर मागचा पाइप पाहावा. मुंबईच्या घरांत मशीन बाथरूमच्या दाराशी किंवा बाल्कनीत भिंतीला टेकवून ठेवलेले असते आणि झाडलोट करताना ते थोडे मागे सरकले की पाइप मुडपतो. त्याचे दुसरे टोक बहुधा नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे सांडपाणी जाण्यासाठी जमिनीत असलेल्या जाळीच्या तोंडात, खोचलेले असते. ते टोक बाहेर काढून मोठ्या बादलीत धरावे, ड्रम आधीच रिकामा केलेला असल्यामुळे त्यात थोडे पाणी घ्यावे आणि प्लग लावून फक्त पाणी सोडण्याचा व पिळण्याचा कार्यक्रम लावावा. एकाने बटणापाशी थांबावे आणि बादली भरत आली की दुसऱ्याने पाइपचे टोक उंच उचलावे. फिल्टरमध्ये काही अडकलेले नव्हते, पाइपही मुडपलेला नव्हता आणि तरीही बादलीत पाणी जोरात आले, तर मशीन निरोगी आहे आणि दोष ट्रॅपचा किंवा त्यापुढच्या पाइपचा आहे. तसे निघाल्यास प्लंबरला पैसे देण्याआधी सोसायटीच्या कार्यालयात विचारावे. आपल्या घरातल्या ट्रॅपचा खर्च आपला, परंतु इमारतीची सामाईक ड्रेनेज लाइन तुंबली असेल तर ती मोकळी करण्याचा खर्च गृहनिर्माण संस्थेने करायचा असतो, आणि अनेक सभासद हे माहीत नसल्यामुळे तो निमूटपणे स्वतःच्या खिशातून करतात.

यजमानांनी इथेच थांबावे. मागचे किंवा तळाचे पत्रे काढणे, वायरी सोडवणे, प्लग लावलेला असताना पंपाला हात लावणे यांपैकी काहीही करू नये. पाणी आणि वीज एकत्र असलेल्या जागी सातशे रुपयांची मजुरी वाचवण्यासाठी घरच्या कमावत्या माणसाचा जीव धोक्यात घालणे मला कोणत्याही हिशेबाने मान्य नाही, आणि मोबाइलवर व्हिडिओ पाहून ते सोपे वाटते म्हणून तर मुळीच नाही.

आता पैशांकडे येतो. वरचे सगळे करूनही पाणी बाहेर आले नाही, तर दुसरा मेकॅनिक बोलवावा आणि त्याला स्पष्ट विचारावे की पाणी सोडण्याच्या वेळी पंपापर्यंत वीज पोहोचते का. मीटर लावून हे पाहायला त्याला फार वेळ लागत नाही. वीज पोहोचते आणि पंप फिरत नाही, तर पंप गेला आहे आणि पीसीबी बदलण्याचे कारण उरत नाही. वीजच पोहोचत नसेल, तर दोष वायरिंगमध्ये किंवा पीसीबीमध्ये आहे आणि पंप चांगला असू शकतो. दोन्ही एकाच वेळी गेले असणे अशक्य नाही, परंतु मशीन न उघडता ते सांगता येत नाही. म्हणून आपल्याला मिळालेला ९,४०० रुपयांचा आकडा मी अंदाजपत्रक मानत नाही. प्रत्येक भागाची किंमत आणि मजुरी वेगळी लिहून मागावी, जीएसटीसह बिल घ्यावे आणि काढलेला जुना भाग परत मागावा. एवढे मागितले की अनावश्यक भाग यादीतून आपोआप गळतो.

दुरुस्तीवर जास्तीत जास्त किती खर्च करावा, यासाठी मी वर्षाचा खर्च काढतो. नवे मशीन जुन्याचे २,००० रुपये वजा जाता ३२,९९० रुपयांना पडते आणि ते दहा वर्षे चालेल असे धरले तर वर्षाला सुमारे ३,३०० रुपये होतात. आपले मशीन सात वर्षांचे आहे. मुलुंडला भातसा, वैतरणा, तानसा या तलावांतले पालिकेचे पाणी येते आणि ते बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याइतके जड नसते, त्यामुळे आत क्षार कमी साचले असतील. तरीही आणखी दोन ते तीन वर्षांपेक्षा जास्त आयुष्य मी धरणार नाही. केवळ पंप बदलून, मजुरीसह, अडीच हजारांत काम झाले आणि मशीन दोनच वर्षे चालले, तरी वर्षाला १,२५० रुपये पडतात, म्हणजे नव्याच्या निम्म्याहून कमी. उलट ९,४०० रुपये घालून ते तीन वर्षे चालले तर वर्षाला ३,१०० रुपयांहून थोडे अधिक पडतात. हा खर्च नव्याच्या जवळपास आहे, आणि नव्या मशीनबरोबर मिळणारी हमी इथे नाही, कारण बदललेल्या भागावरची हमी बहुधा काही महिन्यांचीच असते. उद्या बेअरिंग वाजू लागले तर तो खर्च पुन्हा वेगळा.

म्हणून माझी मर्यादा ५,००० रुपये आहे. दुरुस्ती तेवढ्यात बसत असेल तर निःशंकपणे करावी. ५,००० ते ६,५०० रुपयांच्या मध्ये असेल तर ड्रमचा आवाज, गळती, गंज यांविषयी मेकॅनिकला तपासून सांगायला लावावे आणि दुसरी काहीही कुरबुर असल्यास खर्च करू नये. त्यापुढे नवे घ्यावे. दाराच्या रबराचे ३,२०० रुपये या गणितात कुठेही धरू नयेत. ते खर्च झाले आहेत, त्या बदल्यात वर्षभर मशीन चालले, आणि आज दुरुस्ती केली किंवा नाही केली तरी ते परत येणार नाहीत.

‘नो कॉस्ट ईएमआय’विषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपण पत्रात ‘व्याज नाहीच, मग हप्त्याने का घेऊ नये’ असे विचारले आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज ही गोष्टच अस्तित्वात नाही. आज या योजनेत बँक व्याज घेतेच, फक्त तेवढी रक्कम कंपनी किंवा दुकानदार किमतीतून वजा करून दाखवतो. ३४,९९० रुपये १२ महिन्यांत विभागले की हप्ता सुमारे २,९१६ रुपयांचा होतो. बँकेचा दर वार्षिक १६ टक्के धरला तर त्यात साधारण २,८५० रुपये व्याज असते आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ५१० रुपये, आपल्याला वेगळा भरावा लागतो. प्रक्रिया शुल्क त्यावर निराळे. ही रक्कम मोठी नाही आणि केवळ तिच्यामुळे मी आपल्याला अडवणार नाही. परंतु दुकानदार व्याजाचा भार उचलतो तेव्हा रोखीने घेणाऱ्याला तो जी सूट देऊ शकला असता ती आपल्याला मिळत नाही. म्हणून त्याला आधी रोखीचा भाव विचारावा, तोही जुने मशीन न देता, आणि मगच हप्त्यांचा विषय काढावा.

माझी खरी हरकत जून महिन्याला आहे. गृहकर्जाचा हप्ता, मुलाची फी आणि क्रेडिट कार्डावर घेतलेला हा २,९१६ रुपयांचा हप्ता एकाच महिन्यात आले आणि कार्डाचे बिल पूर्ण भरता आले नाही, तर उरलेल्या रकमेवर महिन्याला तीन ते साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, आणि थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदतही मिळत नाही.

तेव्हा दुरुस्ती ५,००० रुपयांच्या आत झाली तर ती या आणि पुढच्या महिन्याच्या घरखर्चातून भागवावी. ६०,००० रुपयांना हात लावू नये. ती रक्कम मुळात आपल्या घराच्या दोन महिन्यांच्या खर्चालाही जेमतेम पुरेल आणि ती आजारपणासाठी किंवा नोकरी गेल्यास लागणार आहे. जुलैपासून, फीचा भार उतरल्यावर, दरमहा १,५०० रुपयांचे आवर्ती ठेव खाते केवळ घरातल्या वस्तूंसाठी उघडावे. दोन वर्षांत त्यात ३६,००० रुपये आणि वर व्याज जमा होईल, आणि हे मशीन थकेल तेव्हा आपण दसरा-दिवाळीच्या सुमारास रोख पैसे घेऊन दुकानात जाल.

पीसीबीच गेला आहे असे दुसऱ्याही मेकॅनिकने मीटर लावून सांगितले आणि खर्च वरच्या मर्यादेबाहेर गेला, तर मात्र नवे घेण्यास उशीर करू नये. त्या वेळी ६०,००० मधले १५,००० रुपये वापरावेत आणि उरलेल्या रकमेचे सहा हप्ते घ्यावेत. हप्ता आजच्याइतकाच, तीन हजारांच्या आसपास राहील, पण कर्ज निम्म्या काळात संपेल. जूनचा महिना यातही जड जाईल, म्हणून हप्ते पक्के करण्याआधी फीची रक्कम वेगळ्या खात्यात बाजूला काढावी, आणि काढलेले १५,००० हप्ते संपल्यावर त्याच वेगाने परत भरावेत. दुकानदार वाढीव हमी घेण्याचा आग्रह करील. ‘मोटरवर दहा वर्षे’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असले तरी त्यात आज बिघडला असल्याची शक्यता असलेला पंप आणि पीसीबी येत नाहीत, हे हमीपत्रात वाचून घ्यावे, आणि वाढीव हमीत हे दोन भाग नावानिशी लिहिलेले असतील तरच तिचा विचार करावा.

आपण वार्षिक देखभाल कराराबद्दलही विचारले आहे. सात वर्षांच्या मशीनसाठी तो घेऊ नये. महिन्यातून एकदा फिल्टर काढून धुणे हे त्यातले सर्वांत उपयोगी काम आहे आणि आता ते आपल्याला घरी करता येईल.