आजोळच्या वाटेवर मुलांना रमवायचे कसे?

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही डोंबिवलीहून कणकवलीजवळ माझ्या माहेरी मोटारीने जातो. मुलगा नऊ वर्षांचा आहे, मुलगी पाच वर्षांची. पनवेल ओलांडले की दोघांची भांडणे सुरू होतात, म्हणून मी मोबाईल हाती देते. मग थोड्याच वेळात मुलीला उलट्या होतात. दिवसभराच्या या प्रवासात त्यांना गुंतवून कसे ठेवावे? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी मुलीच्या उलट्यांविषयी, कारण ती बेजार असेल तर कुठलाच खेळ रंगणार नाही. डोळे स्थिर पडद्यावर खिळलेले असतात आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारी यंत्रणा मात्र वळणे व धक्के टिपत असते. या विसंगतीमुळे मळमळ सुरू होते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास अधिक होतो. म्हणून मोबाईल, चित्रांची पुस्तके आणि रंगवह्या या मार्गावर बाजूला ठेवाव्यात, निघताना हलके खाणे द्यावे आणि खिडकी थोडी उघडी ठेवावी. गोळी द्यायची झाल्यास ती बालरोगतज्ज्ञांना विचारूनच द्यावी.

आता उरते ती खिडकी, आणि आपल्या मार्गावर ती पुरेशी आहे असे मला मनापासून वाटते. नऊ वर्षांच्या मुलाला नद्यांची जबाबदारी द्या. कोलाडला कुंडलिका, महाडजवळ सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री, राजापूरला अर्जुना आणि कणकवलीला गड नदी : ही नावे आदल्या रात्री त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या आणि पूल आला की त्याने नदीचे नाव मोठ्याने सांगावे, पाणी कुठल्या बाजूला वाहते ते पाहावे. या साऱ्या नद्या सह्याद्रीत उगम पावून अरबी समुद्राला मिळतात, तर त्याच डोंगररांगेच्या पलीकडच्या उतारावरचे पाणी कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला जाते, हे कळल्यावर या वयाचे मूल प्रश्न विचारू लागते. त्या प्रश्नांना सवडीने उत्तरे द्यावीत. त्यात तासभर सहज जातो.

धाकटीला आकडे ओळखता येत असतील तर गाड्यांच्या पाट्या तिच्याकडे सोपवाव्यात. रायगडात एमएच ०६ अधिक दिसतात, कशेडीचा बोगदा संपून रत्नागिरी जिल्हा लागला की ०८ वाढतात आणि खारेपाटणनंतर ०७. ‘आजोबांचा नंबर’ दिसू लागला म्हणजे घर जवळ आले, हे तिला घड्याळापेक्षा लवकर उमगेल. दोघांना वेगवेगळी कामे दिल्याने हार-जीत उरत नाही, आणि बहुतेक भांडणे तिथूनच सुरू होतात. भेंड्या व कोडी दुपारच्या जेवणानंतरच्या कंटाळवाण्या पट्ट्यासाठी राखून ठेवावीत. ऐकायच्या गोष्टी लावण्यासही हरकत नाही. कान गुंतले तरी डोळे बाहेरच राहतात.

दर दोन तासांनी गाडी थांबवून मुलांना पाच-दहा मिनिटे सुरक्षित जागी धावू द्यावे; पोहोचायला उशीर झाला तरी चालेल. मुले कधी नुसतीच बाहेर बघत बसली तर त्यांना तसेच बसू द्यावे. मात्र मुलगी पेंगली म्हणून पट्टा सोडून तिला मांडीवर घेऊ नये. 2019 च्या सुधारित मोटार वाहन कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मुलांना पट्टा किंवा बालआसन बंधनकारक आहे, आणि पाच वर्षांच्या मुलीसाठी तिच्या उंचीचे आसन घेणे हा या प्रवासातला सर्वांत आवश्यक खर्च आहे.